दार वेगळं, दाराची जागा वेगळी: कॉन्फिगर होणाऱ्या बांधकाम-उत्पादनांची ऑन्टॉलॉजी

प्रश्न थोडक्यात असा: दारं-खिडक्या बनवणाऱ्या उत्पादकाचा कॅटलॉग आणि इमारतींच्या देखभालीच्या नोंदी एकाच नॉलेज ग्राफमध्ये, म्हणजे गोष्टी आणि त्यांच्यातले दुवे यांच्या जाळ्यात, आणायच्या आहेत, आणि त्याची ऑन्टॉलॉजी, म्हणजे त्यात कोणत्या प्रकारच्या गोष्टी आणि नाती असतील याचा आराखडा, ठरवायची आहे. ओडब्ल्यूएल या ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या भाषेत प्रत्येक मॉडेलचा एक क्लास (वर्ग) आणि बसवलेलं प्रत्येक दार म्हणजे त्याचा इन्स्टन्स (त्या वर्गातला एक नग), एवढ्यावर भागेल का? ग्राहक रुंदी, रंग, काच, कुलूप निवडतो, ती निवड कुठे नोंदवायची? आणि दार बदललं की काय करायचं?

नाही भागणार. पहिल्या कामात मी नेमकं हेच केलं होतं. कागदावर फार सुबक दिसतं, पहिलं दार बदलेपर्यंत टिकतं.

‘दार’ या एका शब्दात आपण चार गोष्टी कोंबतो. उत्पादकाची मालिका, म्हणजे कॅटलॉगमधली ती दारांची सिरीज आणि तिचे सगळे पर्याय. त्या पर्यायांमधून केलेली एक पूर्ण निवड, म्हणजे कॉन्फिगरेशन. इमारतीच्या नकाशात जिथे दार हवं आहे ती जागा. आणि कारखान्यातून निघालेली, सिरियल नंबर असलेली, दोघांनी उचलून आणलेली वस्तू. पाचवी गोष्ट म्हणजे बसवणी. ती दारच नाही, ती घटना आहे.

या चार गोष्टी वेगळ्या का धरायच्या, हे समजायला एकच कसोटी पुरते: दोन नोंदी एकाच गोष्टीच्या आहेत की दोन गोष्टींच्या, हे कशावरून ठरवणार? कॉन्फिगरेशनची ओळख तिच्या मजकुरावरून ठरते. मालिका तीच, तिची आवृत्ती तीच आणि सगळे पर्याय तेच असतील, तर दोन वेगळ्या ग्राहकांनी मागवलं तरी कॉन्फिगरेशन एकच. वस्तूचं उलट असतं. एकाच कॉन्फिगरेशनची, एकाच दिवशी बनलेली, डोळ्यांना तंतोतंत सारखी दिसणारी दोन दारं ही दोनच दारं. जागेची ओळख इमारतीवरून ठरते. तिथलं दार तीनदा बदललं तरी जागा तीच राहते, आणि दार अजून आलंच नसलं तरी जागा असतेच. मालिकेची ओळख उत्पादक ठरवतो. तो म्हणेल ती मालिका. ओळखीच्या चार कसोट्या आहेत म्हणून मुख्य क्लासही चार. ‘टाइप आणि इन्स्टन्स’ या दोनच कप्प्यांत हे बसवायला गेलात, तर घोडं नेमकं तिथंच पेंड खातं.

आता मालिकेला क्लास करायचं की नाही. करू नका. ‘मालिका’ हा क्लास असू द्या आणि प्रत्येक मालिका त्याची इंडिव्हिज्युअल, म्हणजे त्या क्लासमधली एक नोंद. मी इथे तत्त्वज्ञानात शिरत नाही, साधा प्रश्न विचारतो: हे बदलणार कोण आणि किती वेळा? क्लास म्हणजे स्कीमा, डेटाचा साचा. ती बदलायला तुमच्या टीमची चर्चा लागते, नवी आवृत्ती लागते, त्यावर चालणाऱ्या क्वेऱ्या पुन्हा तपासाव्या लागतात. मालिका मात्र उत्पादकाचा विक्री विभाग बदलतो, त्याला वाटेल तेव्हा. कॅटलॉगमध्ये हँडलची नवी घडण आली म्हणून ऑन्टॉलॉजीची आवृत्ती काढावी लागत असेल, तर डेटा स्कीमात घुसलाय असं समजा. क्लास म्हणून दार, खिडकी, मालिका, पर्यायगट, पर्याय, कॉन्फिगरेशन, जागा, वस्तू, घटना इतकं पुरतं. माझ्या कामांमध्ये ही यादी क्वचितच तीसच्या पुढे गेली आहे.

यावर कुणीतरी हमखास म्हणतं की ओडब्ल्यूएल २ मध्ये पनिंग आहे, एकच आयआरआय (ग्राफमधल्या गोष्टीचा ओळखपत्ता) क्लास म्हणूनही वापरता येतो आणि इंडिव्हिज्युअल म्हणूनही. येतो. पण ओडब्ल्यूएलच्या थेट अर्थपद्धतीत (डायरेक्ट सिमँटिक्स) रीझनर, म्हणजे नोंदींवरून निष्कर्ष काढणारं सॉफ्टवेअर, त्या दोन्ही भूमिका स्वतंत्र धरतो. इंडिव्हिज्युअल म्हणून सांगितलेलं काही क्लासच्या सदस्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे ज्या आशेने पनिंग केलं तेवढंच मिळत नाही, आणि नवा माणूस ग्राफ वाचताना गोंधळतो तो वेगळाच.

प्रत्येक कॉन्फिगरेशनचा सबक्लास करण्याचा मोह तर साध्या गणितानेच मोडतो. बारा पर्यायगट आणि प्रत्येकात चार पर्याय धरले, तरी जोड्या होतात १,६७,७७,२१६. रुंदी ६०० ते १४०० आणि उंची १८०० ते २६०० मिलिमीटर, एकेका मिलिमीटरने बदलणारी असेल, तर नुसत्या मापांचीच ६,४१,६०१ रूपं. हे आधी कुणी लिहून ठेवत नाही. जी कॉन्फिगरेशन्स प्रत्यक्षात मागवली गेली किंवा निदान कुणी भावपत्रकासाठी निवडली, तेवढ्यांच्याच नोंदी करायच्या. ओळख मजकुरावरून ठरते, याचा इथे थेट फायदा होतो: मालिका, तिची आवृत्ती आणि ठरलेल्या क्रमाने लावलेले पर्याय यांचा हॅश (मजकुरावरून गणिताने निघणारा ठरावीक संकेत) काढून त्याचाच आयआरआय बनवा. तीच निवड पुन्हा आली की आपोआप तोच नोड (ग्राफमधली नोंद) मिळतो, डुप्लिकेट शोधत बसावं लागत नाही. वस्तूच्या बाबतीत मात्र ही युक्ती चुकूनही वापरू नका. दोन सारखी दारं एकात विरघळतील.

अर्धवट निवडीचं काय? आर्किटेक्ट म्हणतो, इथे किमान ६० मिनिटं आग रोखणारं, ९०० मिलिमीटर मोकळी वाट देणारं दार हवं, रंग नंतर बघू. याला ‘अपूर्ण कॉन्फिगरेशन’ म्हणावंसं वाटतं, पण ते तसं नाही. ती अपेक्षा आहे आणि ती जागेला चिकटते. त्यात ‘किमान’ आहे, ‘चालेल’ आहे, उत्पादकाचं नावही नाही. कॉन्फिगरेशनमध्ये यातलं काहीच नसतं. तिथे सगळं ठरलेलं असतं. त्यामुळे एकाच गुणधर्माची तीन मूल्यं होतात: मागितलेलं, उत्पादकाने जाहीर केलेलं आणि जागेवर मोजलेलं. तिन्ही शेजारी शेजारी ठेवा, एकाने दुसऱ्याला पुसू नका. आयएफसी या इमारत-मॉडेलच्या देवाणघेवाणीच्या मानकात टाइपवरची (प्रकारावरची) प्रॉपर्टी ऑकरन्सवर (मॉडेलमधल्या एकेका नगावर) पुन्हा दिली तर ऑकरन्सवरची धरतात. फाइल इकडून तिकडे पाठवायला ते ठीक आहे, पण ग्राफमध्ये हा नियम तसाच आणलात तर मूल्य कुणी, कशाच्या आधारावर बदललं हे कायमचं हरवतं. यासाठी ओपीएम ही छोटी ऑन्टॉलॉजी बघा. तिच्यात मूल्य थेट गुणधर्माला नव्हे, त्याच्या एकेका अवस्थेला जोडलेलं असतं. तिच्या जोडीला उगमाच्या नोंदीसाठी २०१३ ची प्रोव्ह-ओ. सगळ्याच गुणधर्मांना हा तामझाम लावू नका, क्वेऱ्या लांबलचक होतात. ज्यांच्यावरून पुढे वाद होऊ शकतो अशांनाच लावा: आग, आवाज, उष्णता, वजन, मोकळी रुंदी.

उष्णतेचंच उदाहरण जरा सविस्तर घेतो, कारण ‘हा गुणधर्म कोणाचा’ हा प्रश्न त्यात फार स्वच्छ दिसतो. खिडकीचं यू-मूल्य, म्हणजे तिच्यातून किती उष्णता निसटते तो आकडा, कॅटलॉगमध्ये मालिकेपुढे छापलेला असतो. आयएसओ १००७७-१ मधलं गणित असं चालतं: काचेचं क्षेत्रफळ गुणिले काचेचं यू, अधिक चौकटीचं क्षेत्रफळ गुणिले चौकटीचं यू, अधिक काचेच्या कडेची लांबी गुणिले कडेची गळती, आणि या सगळ्याला एकूण क्षेत्रफळाने भागायचं. युरोपीय मानक ईएन १४३५१-१ मध्ये जाहीर करायच्या मूल्यासाठी १.२३ गुणिले १.४८ मीटर हे संदर्भ-माप धरतात. समजा काच ०.६, चौकट १.२, कडेची गळती ०.०४ आणि चौकटीची रुंदी सगळीकडून १० सेंटिमीटर. संदर्भ-मापाला उत्तर येतं ०.८७. त्याच मालिकेची, त्याच काचेची, पण ६० गुणिले ६० सेंटिमीटरची छोटी खिडकी घ्या: उत्तर १.११. काच तीच, चौकट तीच, पण लहान खिडकीत चौकटीचा आणि कडेचा वाटा वाढतो.

मग यू-मूल्य कोणाचा गुणधर्म? काचेचं यू काचेच्या पर्यायाचं, चौकटीचं यू चौकटीच्या प्रोफाइलचं, आणि खिडकीचं यू कॉन्फिगरेशनचं, तेही गणितातून निघणारं. मालिकेपाशी जे छापलंय ते ‘संदर्भ-मापाच्या कॉन्फिगरेशनचं जाहीर मूल्य’ आहे आणि ते तसंच नोंदवायला हवं. ते मालिकेवर ठेवून खाली वारसा म्हणून झिरपू दिलंत, तर इमारतीतली प्रत्येक छोटी खिडकी कागदावर आहे त्यापेक्षा चांगली दिसेल. ऊर्जेचा हिशेब चुकेल आणि चूक कुठे झाली ते कुणाला सापडणार नाही, कारण प्रत्येक आकड्याला कॅटलॉगचा दाखला असेल.

आगीच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. दाराची अग्निचाचणी होते ती विशिष्ट प्रकारच्या भिंतीत बसवून, आणि चाचणीचा निष्कर्ष किती मापापर्यंत आणि कोणत्या भिंतींना लागू आहे याची मर्यादा अहवालात दिलेली असते. म्हणजे ६० मिनिटांचा दावा नुसत्या कॉन्फिगरेशनचाही नाही. तो कॉन्फिगरेशन आणि बसवणीची परिस्थिती या जोडीचा आहे. जड काँक्रीटच्या भिंतीसाठी प्रमाणित दार हलक्या पार्टिशनमध्ये बसवलं तर लेबल तेच राहतं, पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. म्हणून ‘अग्निरोधक दार’ असा वस्तूचा क्लास करायला माझा विरोध असतो. दावा हा स्वतंत्र नोड करा: कोणत्या चाचणीवरून, कोणत्या कॉन्फिगरेशन्सना, कोणत्या भिंतीत. मग एखाद्या जागी बसलेलं दार त्या दाव्यात बसतं का, हे क्वेरीने काढा.

आता जागा आणि वस्तू. प्रक्रिया-उद्योगात हा भेद जुना आहे. नकाशातला टॅग (जागेचा ओळख-क्रमांक) असलेला पंप आणि आज तिथे बसवलेला सिरियल नंबरचा पंप या दोन नोंदी असतात, आणि आयएसओ १५९२६ मध्ये दोघांना वेगळे प्रकारच दिले आहेत. बांधकामात तो सारखा निसटतो, कारण डिझाइनचं मॉडेल बनतं तेव्हा वस्तू अस्तित्वातच नसते आणि हस्तांतरणानंतर मॉडेलकडे सहसा कुणी बघत नाही.

याचा मला बसलेला फटका सांगतो. एका जागी एका वेळी एकच दार असणार, म्हणून आम्ही ‘जागेत बसलेली वस्तू’ ही प्रॉपर्टी फंक्शनल, म्हणजे एकच मूल्य असणारी, जाहीर केली. वाचायला अगदी बरोबर वाटतं. काही महिन्यांनी काही दारं बदलली गेली, नव्या नोंदी जुन्यांच्या शेजारी आल्या. ओडब्ल्यूएलमध्ये दोन नावं म्हणजे दोन गोष्टी असं गृहीत नसतं. फंक्शनल प्रॉपर्टीला दोन मूल्यं दिसली की रीझनर चूक दाखवत नाही. ती दोन्ही एकच आहेत असा निष्कर्ष काढतो. त्यामुळे जुनं दार आणि नवं दार एक झालं, एकाच दाराला दोन सिरियल नंबर, दोन उत्पादन-तारखा, आणि वॉरंटी कधीची संपलेली असूनही चालू. रीझनरची यात काहीच चूक नव्हती. आम्ही काळ विसरलो होतो.

उपाय म्हणजे बसवणीला घटनेचा दर्जा देणं. बसवणीच्या नोडला वस्तू, जागा, तारीख, बसवणारा, भिंतीचा प्रकार आणि तपासणीचा कागद जोडा. काढण्याची घटना तशीच. ‘आत्ता तिथे काय आहे’ हे दोन घटनांच्या मधल्या काळावरून काढा. वेगासाठी हवं तर थेट दुवा ठेवा, पण तो या घटनांवरून पुन्हा बनवता यायला हवा. मग ‘गेल्या तपासणीच्या दिवशी या जागी कोणतं दार होतं’ हा प्रश्न सरळ सुटतो. दार काढून डागडुजी करून दुसऱ्या इमारतीत बसवलं, तरी त्याचा इतिहास त्याच्याबरोबर जातो. गोदामात पडलेलं दार आणि रिकामी जागा, दोन्हींना काही खास सोय लागत नाही. ‘बसवलेलं दार’ असा क्लास मात्र नको. बसवलेलं असणं ही दाराची जात नव्हे.

सुट्या भागांबद्दल: डोअर क्लोजर बदलला. ईएन ११५४ मध्ये क्लोजरच्या ताकदीचे १ ते ७ असे आकार आहेत, आणि १ व २ हे अग्निरोधक दारांना चालत नाहीत. कॉन्फिगरेशनमध्ये ४ होता, दुरुस्ती करणाऱ्याने हाताशी होता तो २ लावला. कॉन्फिगरेशनला हात लावायचा नाही. कॉन्फिगरेशन ही दार कसं बनवायचं ठरलं होतं याची नोंद आहे, आणि त्याच नोडला दुसरी शंभर दारंही जोडलेली असतील. भाग-बदलीची घटना जोडा, दाराची आजची स्थिती त्यातून काढा आणि दाव्याची तपासणी आजच्या स्थितीवर चालवा. भागांच्या तपशिलात किती खोल जायचं? जो भाग स्वतंत्रपणे बदलला जातो, ज्याची वेगळी वॉरंटी आहे किंवा ज्याची वेगळी तपासणी होते, तिथपर्यंत. बिजागरीचा स्क्रू कॉन्फिगरेशनच्या भागयादीत सुखाने राहू द्या.

फरशा, इन्सुलेशन, छताच्या शीट यांना हेच सगळं लावत बसू नका. तिथे वस्तू म्हणजे बॅच. २००८ च्या गुडरिलेशन्स या व्यापारी मालाच्या ऑन्टॉलॉजीत मॉडेल, ‘काही नग’ आणि एकेक वस्तू असे तीन प्रकार केले होते. २०१२ मध्ये ते स्कीमा डॉट ऑर्ग या वेबपानांसाठीच्या सामायिक शब्दसंग्रहातही आले. मधला प्रकार अशा मालासाठीच आहे आणि बांधकामवाले तो उगाचच विसरतात.

पर्यायांचे नियम कुठे ठेवायचे, यावर माझं मत थोडं कडवट आहे. ‘ठरावीक वजनाच्या वर तिसरी बिजागरी सक्तीची’ यात रुंदी, उंची, जाडी आणि घनता यांचा गुणाकार आहे. एकाच नोडच्या दोन मूल्यांचा गुणाकार करून तिसऱ्याशी तुलना करणं ओडब्ल्यूएलमध्ये मांडताच येत नाही. ते कन्स्ट्रेंट सॉल्व्हरचं, म्हणजे अटींत बसणारी उत्तरं शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम, आणि उत्पादकाकडे तो बहुधा आधीच असतो. ग्राफमध्ये एवढंच ठेवा की हे कॉन्फिगरेशन नियमांच्या अमुक आवृत्तीने वैध ठरवलं. नियमांचा पसारा अंगावर घेण्याचा इतिहास फारसा उत्साहवर्धक नाही. १९८० च्या सुमारास संगणकांची जुळणी ठरवणारी एक्सकॉन ही नियमाधारित प्रणाली खूप यशस्वी झाली, पण तिचे नियम हजारोंच्या घरात गेले आणि ते सांभाळणं हाच एक उद्योग होऊन बसला.

डेटा पुरा आहे का, हे मात्र ग्राफमध्येच तपासा, आणि २०१७ मध्ये मानक झालेल्या शॅकल या ग्राफ-तपासणीच्या भाषेने तपासा. ‘प्रत्येक वस्तूला किमान एक सिरियल नंबर’ असं ओडब्ल्यूएलमध्ये लिहिलंत, तर नंबर नसलेल्या दाराबद्दल रीझनर गप्प बसतो. त्याच्या मते नंबर असेल कुठेतरी, आपल्याला ठाऊक नाही इतकंच. शॅकल सरळ बोट दाखवतं.

आयातीच्या वेळी काय कशाला जोडायचं, हा शेवटचा मोठा गोंधळ. आयएफसी, म्हणजे आयएसओ १६७३९, यातलं ‘डोअर’ हे ऑकरन्स माझ्या मते जागेला जोडावं. मॉडेलमधला ग्लोबल आयडी खरं दार बदललं तरी तोच राहतो, म्हणजे वागतो तो जागेसारखाच. भिंतीतली पोकळी आयएफसीमध्ये वेगळी असते आणि दार ती भरतं, पण ती पोकळी भूमितीपुरती आहे. तिला जागा समजू नका. ‘डोअरटाइप’ कधी पूर्ण कॉन्फिगरेशन असतो, कधी नुसती मालिका. फाइल उघडून बघितल्याशिवाय ठरवता येत नाही, आणि एकाच फाइलमध्ये दोन्ही सापडतात. कोबी या हस्तांतरणाची माहिती तक्त्यांत देण्याच्या नमुन्यातल्या ‘कंपोनंट’ तक्त्यात एकाच ओळीत खोली आणि टॅगही असतो, सिरियल नंबर आणि बसवल्याची तारीखही. ती ओळ आत घेतानाच फोडा: टॅग जागेला, नंबर वस्तूला, तारीख बसवणीला. जीटीआयएन (बारकोडमागचा उत्पादन-क्रमांक) ज्या पातळीवर दिला असेल तिथे ठेवा, पण त्याला वस्तूची ओळख करू नका. तो नगाचा नव्हे, विक्रीच्या प्रकाराचा क्रमांक असतो. इमारत, मजला, खोली यांसाठी स्वतःचं काही बनवू नका, बीओटी ही तयार ऑन्टॉलॉजी घ्या. उत्पादनाच्या अंतर्गत जोडणीसाठी बीपीओ ही बांधकाम-उत्पादनांची ऑन्टॉलॉजी चाळून बघा, निदान शब्द तरी उसने मिळतील.

मालिकेची आवृत्ती एकदा प्रसिद्ध झाली की गोठवा. उत्पादकाने तपशील सुधारला तर नवी आवृत्ती. जुनी दारं जुन्याच आवृत्तीला बांधलेली राहतील. वस्तूकडे कॉन्फिगरेशनमधली मूल्यं कॉपी करू नका, ‘हिच्याप्रमाणे बनवलं’ या दुव्यावरून वाचा. अपवाद हस्तांतरणाच्या दिवसाचा. त्या दिवशीचं पूर्ण चित्र वेगळ्या नामांकित ग्राफमध्ये, म्हणजे नाव देऊन बाजूला ठेवलेल्या नोंदींच्या संचात, साठवून ठेवा, कारण पुढे वाद झाला तर ‘तेव्हा काय दिलं होतं’ हेच विचारलं जातं.

जुन्या इमारतींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढच्या आठवड्यात विचाराल. तिथे जागा माहीत असते, वस्तूबद्दल काहीच नसतं. तरीही वस्तूचा नोड बनवा: सिरियल नंबर रिकामा, कॉन्फिगरेशन रिकामं, बसवणीची तारीख ‘या पाहणीच्या आधी कधीतरी’. शॅकलमध्ये अशा नोंदींसाठी सैल शेप (तपासणीच्या नियमांचा संच) वेगळा ठेवा, नाहीतर हजारो इशाऱ्यांच्या ढिगात खऱ्या चुका बुडतील. तपासणीला गेलेल्या माणसाला बिजागरीच्या बाजूला घट्ट चिकटवलेली पाटी सापडली, की त्याच नोडमध्ये नंबर भरायचा. जागेला आणि तिच्या मागच्या नोंदींना हात लावावा लागत नाही.